राष्ट्रीय अस्मिता : बेरजेची की वजाबाकीची?



ब्रिटनच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात एक छोटीशी तरतूद आहे. बाहेरून येऊन त्या देशात स्थायिक झालेल्या व्यक्तीला नागरिकत्व हवे असेल, तर तिला भाषेचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे, असे ती सांगते. कोणत्या भाषेचे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण ‘इंग्रजीचे’ असे उत्तर देतील. कायद्यातील उत्तर मात्र ‘इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक’ असे आहे. म्हणजे एखाद्या बांगलादेशी किंवा सोमाली स्थलांतरिताने वेल्श भाषा चांगली आत्मसात केली, तर भाषेची अट पूर्ण होऊ शकते. व्यवहारात हा मार्ग क्वचितच कोणी निवडतो. तरीही या तरतुदीत एक महत्त्वाची कबुली दडलेली आहे : ब्रिटन हा एका भाषेचा देश नाही आणि स्थलांतरित येण्यापूर्वीही तो तसा नव्हता.

भाषा आणि समाज यांच्या संबंधांचा अभ्यास करताना ‘बहुसांस्कृतिकता’ आणि ‘राष्ट्रीय अस्मिता’ या दोन संकल्पना आपल्याला वारंवार भेटतात. एकेकाळी जगाच्या मोठ्या भागावर राज्य केलेल्या ब्रिटनला आज आपल्याच घरात अनेक संस्कृतींसह राहताना ‘आपण कोण?’ हा प्रश्न पडला आहे. त्याविषयीचे माझे मत मी येथे मांडणार आहे. ते थोडक्यात असे : राष्ट्राला समाईक भाषा लागते, ही अपेक्षा रास्त आहे, परंतु ती भाषा शिकण्याची किंमत म्हणून स्वतःची भाषा व ओळख टाकून देण्याची मागणी रास्त नाही. ब्रिटनच्या बाबतीत तर ती इतिहासालाही धरून नाही.

बेरीज आणि वजाबाकी

या चर्चेसाठी भाषाविज्ञानातील एक भेद आपल्याला उपयोगी पडेल. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९७० च्या दशकात द्विभाषिकतेचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात नवी भाषा जुन्या भाषेच्या जोडीला येते. व्यक्तीजवळ पूर्वी एक भाषा होती, आता दोन होतात. ही बेरजेची द्विभाषिकता. दुसऱ्या प्रकारात नवी भाषा जुनीची जागा घेते. मूल शाळेची भाषा शिकते, पण घरची भाषा हळूहळू गमावते. ही वजाबाकीची द्विभाषिकता. कोणता प्रकार वाट्याला येईल, हे मुलाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या घरच्या भाषेला समाजात किती मान आहे, यावर अधिक अवलंबून असते.

तुमच्यापैकी अनेकजण घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोंडी बोलत असतील आणि या अभ्यासक्रमाची उत्तरे प्रमाण मराठीत लिहीत असतील. प्रमाण मराठी शिकताना आपली बोली चूक आहे असे तुम्हांला कोणी ऐकवले होते का, हे आठवून पाहा. ऐकवले असेल, तर वजाबाकी म्हणजे काय हे तुम्हांला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हाच भेद आता ब्रिटनच्या इतिहासाला लावून पाहू.

घरातल्या घरात झालेली वजाबाकी

१५३६ च्या कायद्याने वेल्सचे इंग्लंडमध्ये विलीनीकरण झाले. त्याच कायद्याने न्यायालयांची व कारभाराची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श बोलणाऱ्याला इंग्रजीवाचून सरकारी पद मिळणे बंद झाले. त्यानंतर तीनशे वर्षांनी वेल्समधील शिक्षणाच्या पाहणीसाठी सरकारने तीन आयुक्त नेमले. तिघांनाही वेल्श येत नव्हती. त्यांनी १८४७ मध्ये सादर केलेल्या अहवालात शाळांच्या दुरवस्थेबरोबरच वेल्श भाषेलाही दोषी धरले. ही भाषा लोकांच्या नैतिक आणि आर्थिक प्रगतीच्या आड येते, असा त्याचा सूर होता. अहवालाची मुखपृष्ठे निळी होती. वेल्समध्ये आजही हे प्रकरण ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने ओळखले जाते.

त्या काळात वेल्समधील अनेक शाळांमध्ये एक प्रथा होती. वर्गात वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले, की तो त्याच्या गळ्यात जाई. शेवटी ज्याच्या गळ्यात तो असेल, त्याला शिक्षा होई. हा कोणा सरकारचा लेखी हुकूम नव्हता. शाळा आपणहून हे करीत आणि मुलांना इंग्रजी आल्याशिवाय पोट भरता येणार नाही, या भीतीने पालकही ते चालवून घेत. भाषेची वजाबाकी अनेकदा अशीच, संबंधितांच्या नाइलाजाच्या संमतीने होते.

१८४७ च्या या अहवालापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८३५ मध्ये, मेकॉले यांनी भारतातील शिक्षणाविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले होते. एतद्देशीय भाषा उच्च ज्ञान देण्यास असमर्थ आहेत आणि इंग्रजी हाच प्रगतीचा मार्ग आहे, ही त्यातील भूमिका आपल्या परिचयाची आहे. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवली, तर वसाहतीतील प्रजेकडे आणि घरच्या अल्पसंख्याकांकडे पाहण्याची दृष्टी एकच होती, हे ध्यानात येते.

पुढे वेल्सने आपली भाषा परत मिळवण्याचा प्रयत्न केला. १९६७ आणि १९९३ चे भाषाविषयक कायदे, १९८२ मध्ये सुरू झालेली वेल्श दूरचित्रवाहिनी आणि २०११ मध्ये मिळालेला अधिकृत भाषेचा दर्जा, हे त्यातील टप्पे. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये ५ लाख ३८ हजार लोकांना, म्हणजे १७.८ टक्क्यांना, वेल्श बोलता येते. वेल्श पुन्हा शाळेत आली म्हणून ब्रिटन मोडले नाही. उलट, आपल्या भाषेला मान देणाऱ्या राज्यात राहणे अधिक सुसह्य असते, असाच याचा अर्थ होतो.

‘ब्रिटिश’ हा शब्द कोणाचा?

आता बाहेरून आलेल्यांकडे वळू. ‘हे लोक ब्रिटिश कधी होणार?’ हा प्रश्न तेथे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे विचारला जातो. त्यात असे गृहीत धरलेले असते, की ‘ब्रिटिश’ ही त्या बेटावरील लोकांची स्वयंपूर्ण ओळख होती आणि इतर लोक मागाहून तिच्या दाराशी आले. वस्तुस्थिती निराळी आहे. साम्राज्य ऐन भरात असताना मुंबईचा, किंग्स्टनचा आणि नैरोबीचा रहिवासीही कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होता.

दादाभाई नौरोजी यांचे उदाहरण पाहा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून तेथेच प्राध्यापक झालेले दादाभाई १८८६ मध्ये लंडनमधील एका मतदारसंघात पराभूत झाले. त्यानंतर पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी, ब्रिटिश मतदार एका ‘काळ्या माणसा’ला निवडून देतील असे वाटत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलच्या मतदारांनी ते खोटे ठरवले. १८९५ मध्ये मंचेरजी भावनगरी आणि १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला हेही लंडनमधून संसदेवर निवडून गेले. तिघेही मुंबईशी घट्ट नाते असलेले पारशी होते. राजकीय विचारांनी मात्र एक उदारमतवादी, दुसरा हुजूरपक्षीय आणि तिसरा साम्यवादी. ‘स्थलांतरितांचे मत’ असे काही एकसंध नसते, हेही यावरून लक्षात घ्यावे.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने ‘युनायटेड किंगडम आणि वसाहती यांचा नागरिक’ असा एकच दर्जा निर्माण केला. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ ही बोट जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवाशांना घेऊन लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागली. यांतील बहुतेकजण कायद्याच्या भाषेत परके नव्हते. ते एकाच राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आले होते. युद्धाने खचलेल्या देशाला बसगाड्या, रुग्णालये आणि कारखाने चालवण्यासाठी माणसे हवी होती. स्वतंत्र झालेल्या भारत व पाकिस्तानच्या नागरिकांनाही तेव्हा तेथे जाऊन राहण्याची मुभा होती.

पुढे दार टप्प्याटप्प्याने बंद होत गेले. १९६२, १९६८ आणि १९७१ च्या कायद्यांनी प्रवेशाचा हक्क आक्रसला. १९६८ च्या कायद्याने तर केनियातील आशियाई लोकांच्या हाती असलेल्या ब्रिटिश पारपत्राचेच मोल कमी केले. त्याच वर्षी इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतराविरुद्ध भडक भाषण केले. १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांनी आपल्या शहरात येऊ नये, अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपरिषदेने युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आज दिवाळीचा मोठा उत्सव होतो आणि शहर त्याचा अभिमानाने उल्लेख करते.

दार बंद होताना आत असलेल्यांनाही त्याची झळ पोहोचली. १९७३ पूर्वी कॅरिबियन बेटांवरून लहानपणी आलेल्या आणि पूर्ण हक्काने राहणाऱ्या अनेकांकडे नागरिकत्वाची कागदपत्रे मागण्यात आली. त्यांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती. कोणाची नोकरी गेली, कोणाला उपचार नाकारले गेले, काहींना डांबले गेले, काहींना देशाबाहेर पाठवले गेले. २०१८ मध्ये हे उघडकीस आल्यावर सरकारने माफी मागितली आणि गृहमंत्र्यांना पद सोडावे लागले. या लोकांची मातृभाषा इंग्रजीच्या कुळातील होती, शिक्षण ब्रिटिश शाळांतले होते आणि आयुष्यभर त्यांनी कर भरला होता. तरीही त्यांच्या ब्रिटिशपणावर शंका घेतली गेली. ‘भाषा शिका, आमच्यासारखे व्हा, म्हणजे प्रश्न सुटेल’ असे जे सांगतात, त्यांनी या प्रकरणाचा विचार करायला हवा.

टीकाकारांचे म्हणणे

अभ्यासकाने विरोधी बाजूही प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. १९६६ मध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी सर्वांना एका साच्यात ओतणे नाकारले आणि समान संधी, सांस्कृतिक विविधता व परस्पर सहिष्णुता या तीन गोष्टींवर आधारलेले एकात्मीकरण हे ध्येय मांडले. १९७५ च्या बुलक अहवालाने मुलाने शाळेच्या उंबरठ्यावर आपली घरची भाषा उतरवून ठेवावी ही अपेक्षा अमान्य केली. या धोरणावर पुढे तीव्र टीका झाली. १९९० मध्ये माजी मंत्री नॉर्मन टेबिट यांनी ‘क्रिकेटची कसोटी’ मांडली : आशियाई व कॅरिबियन वंशाचे लोक सामन्यात कोणत्या संघाला पाठिंबा देतात, यावरून त्यांची निष्ठा ओळखावी. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. त्यानंतरच्या कँटल अहवालाने दाखवून दिले, की तेथील समाज शेजारी राहूनही समांतर आयुष्ये जगत आहेत; त्यांच्या शाळा, वस्त्या आणि उठण्याबसण्याच्या जागा वेगळ्या आहेत. २०११ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राज्यपुरस्कृत बहुसांस्कृतिकता अपयशी ठरल्याचे म्युनिक येथे जाहीर केले.

क्रिकेटची कसोटी मला पोरकट वाटते. सासरी नांदणारी स्त्री माहेरची ओढ बाळगते म्हणून ती सासरची नव्हे, असे आपण म्हणत नाही. समांतर आयुष्यांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळता कामा नये. ज्या स्त्रीला डॉक्टरांशी, मुलाच्या शिक्षकांशी किंवा पोलिसांशी बोलण्यासाठी नवऱ्याच्या वा मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते, तिच्या हक्कांना काय अर्थ उरतो? संस्कृतीच्या आदराच्या नावाखाली तिला समाईक भाषेपासून दूर ठेवणे हाही अन्यायच होय. म्हणूनच समाईक भाषेची अपेक्षा मी रास्त मानतो.

पण अपेक्षा बाळगणाऱ्याने साधनेही पुरवली पाहिजेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील तीन वर्षांवरील ९१.१ टक्के लोकांनी इंग्रजी (वेल्समध्ये इंग्रजी किंवा वेल्श) ही आपली मुख्य भाषा म्हणून नोंदवली. मुख्य भाषा वेगळी असणारे सुमारे ५१ लाख होते. त्यांपैकी सुमारे ४१ लाखांना इंग्रजी चांगली किंवा अतिशय चांगली येत होती. ८ लाख ८० हजारांना ती नीट येत नव्हती आणि मुळीच न येणारे १ लाख ६१ हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.३ टक्के होते. ‘स्थलांतरित इंग्रजी शिकत नाहीत’ या तक्रारीला हे आकडे परस्पर उत्तर देतात. राहिलेल्यांना शिकवणे अशक्य नव्हते. परंतु २०१० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमधील प्रौढ स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गांसाठीचा सरकारी निधी निम्म्याहून खाली आला. एकीकडे भाषा येत नाही म्हणून दोष द्यायचा आणि दुसरीकडे भाषेचे वर्ग बंद पडू द्यायचे, या विसंगतीला काय म्हणावे? नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढाला एखादा वर्ग उपलब्ध असणे किंवा नसणे म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

वजाबाकीचा धोकाही तेथे टळलेला नाही. १९८५ च्या स्वान अहवालाने वर्णभेदाविरुद्ध ठाम भूमिका घेतली, पण मातृभाषा टिकवणे हे मुख्य शाळांचे काम नसून त्या त्या समाजाचे आहे, असे ठरवले. परिणामी गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली या भाषा बहुतांशी शनिवार-रविवारच्या वर्गांवर आणि आजी-आजोबांवर विसंबून राहिल्या. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तेथील मराठी कुटुंबांपुढेही तिसऱ्या पिढीच्या मराठीचा हाच प्रश्न उभा राहतो. वेल्शला जे अनेक शतकांनी मिळाले, ते या भाषांना मिळालेले नाही.

रस्त्यावर घडणारी भाषा

तरीही मी निराश नाही, आणि याचे कारण भाषाविज्ञानानेच दिले आहे. जेनी चेशर, पॉल कर्स्विल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पूर्व लंडनमधील तरुणांच्या बोलण्याचा अभ्यास केला. तेथे त्यांना इंग्रजीचे एक नवे रूप घडताना आढळले. त्याला ‘मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश’ असे नाव मिळाले. त्यात कॅरिबियन, आफ्रिकी आणि आशियाई वळणांचे संस्कार आहेत. ‘मॅन’ हा शब्द ‘मी’ या अर्थी सर्वनामासारखा वापरणे हे त्याचे एक वैशिष्ट्य. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही बोली कोण्या एका वंशाची नाही. मिश्र मित्रमंडळींत वाढणारी, पिढ्यान्‌पिढ्या लंडनमध्ये राहणाऱ्या गोऱ्या कुटुंबांतील मुलेही ती बोलतात. संसदेत ‘ब्रिटिश म्हणजे कोण’ याचा वाद चालू असताना त्या मुलांनी एक समाईक भाषा घडवली आणि त्यासाठी कोणाला काही टाकून द्यावे लागले नाही.

इंग्रजीला हे नवे नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तिने फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले आणि ती इंग्रजीच राहिली. साम्राज्याच्या काळात तिने भारतीय भाषांतून इतके शब्द घेतले, की १८८६ मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश तयार झाला. इंग्रज मुलांच्या गोष्टीतला ‘माँगूस’ हा आपला मराठी मुंगूस आहे. उसन्या शब्दांनी भाषेची ओळख बुडत नाही, हे ज्या समाजाच्या भाषेने सिद्ध केले, त्या समाजाने माणसांच्या बाबतीत भिण्याचे कारण काय?

गुजरातेत जन्मलेले विचारवंत भिखू पारेख यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००० साली ब्रिटनला ‘नागरिकांचा समुदाय आणि समुदायांचाही समुदाय’ म्हणून पाहावे, असे सुचवले. ‘ब्रिटिश’ या शब्दाला चिकटलेल्या वांशिक छटेकडे त्या अहवालाने लक्ष वेधले, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले. तो वाद मिटलेला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्ट येथील मुलींच्या हत्येनंतर मारेकरी आश्रयार्थी असल्याची खोटी अफवा पसरली आणि अनेक शहरांत दंगली उसळल्या. एक भारतीय वंशाचा माणूस त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत त्या देशाचा पंतप्रधान होता, हेही तितकेच खरे. दोन्ही घटना एकाच ब्रिटनच्या आहेत. म्हणून ‘बहुसांस्कृतिकता यशस्वी झाली’ किंवा ‘अपयशी ठरली’ अशा एका वाक्यात निकाल देण्याचा मोह आपण टाळावा.

मित्रहो, कोणताही समाज नवागतांना ‘आमची भाषा शिका’ असे सांगतो, तेव्हा त्या वाक्याचा उत्तरार्ध काय आहे, हे तपासून पाहा. ‘म्हणजे आपण एकमेकांशी बोलू शकू’ असा असेल, तर ते निमंत्रण आहे. ‘आणि तुमची विसरा’ असा असेल, तर तो वेल्श मुलाच्या गळ्यातला लाकडाचा तुकडा आहे. ही तपासणी ब्रिटनपुरती ठेवू नका. आपल्या शाळेत, कार्यालयात आणि घरी, दुसऱ्याच्या बोलीवर हसण्याआधीही ती करता येईल.